जिलेबीच्या हाताचं इंग्रजी

रेणूच्या वहीला मुंग्या लागल्या होत्या. तिनं ती वही दोन बोटांच्या चिमटीत धरून आणली, ओट्याच्या कडेला झटकली आणि मला म्हणाली, "आज्जा, आजपासनं लिहायच्या आधी साबणानं हात धुवायचे. बाई विचारत होत्या, तुझ्या घरात पाकाची टाकी फुटलीय का."

मी मुकाट्यानं उठलो आणि हात धुऊन आलो. नऊ वर्षांच्या पोरीचं मी इतकं ऐकत होतो त्याला कारण होतं. तिची कर्सिव्हची वही तीन महिने मी लिहीत होतो, आणि हे ती कुणालाही, कधीही सांगू शकत होती.

याला आता वीसेक वर्षं झाली. गडहिंग्लजच्या बाजारात आमचं जिलेबीचं दुकान. माझा बाप तईवर, म्हणजे जिलेबी तळायच्या पसरट कढईपुढं, बसायचा, त्याच्यामागं मी बसलो. आठव्या वर्षी हातात पिठाचं फडकं आलं ते उतारवयापर्यंत सुटलं नाही. शाळेचं तोंड पाहिलं नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी साक्षरता वर्ग निघाला तेव्हा तालमीच्या खोलीत जाऊन मराठी अक्षरं शिकलो. शिकवायला दहावीतली एक पोरगी होती आणि ती मला काका म्हणून छडी दाखवायची. चार महिन्यांत वाचायला यायला लागलं. मग मला वाचण्याचं आणि लिहिण्याचं असं खूळ लागलं की गिऱ्हाइकाला जिलेबी बांधून द्यायच्या आधी मी तो रद्दीचा कागद वाचून काढायचो. गिऱ्हाईक ताटकळायचं. आमची मंडळी, गौराक्का, म्हणायची, "पन्नाशीला टेकलं आणि आता शाळेला लागलं."

इंग्रजी मात्र मला ठो कळत नव्हतं, अजूनही कळत नाही.

रेणू माझी नात. पोरगा आणि सून दिवसभर दुकानात, त्यामुळे शाळेतून आली की ती माझ्या ताब्यात. सकाळचा तळणाचा घाणा उरकला की मी मोकळा असायचो. तिला गावातल्या एका संस्थेच्या नव्या इंग्रजी शाळेत घातली होती. तिथं चौथीला फर्नांडिस बाई होत्या. आजऱ्याकडच्या, सडपातळ, पांढऱ्या केसांच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. त्यांचा एकच हट्ट होता. पोरांनी इंग्रजी जोडून लिहायचं. एक शब्द संपेपर्यंत पेन्सिल कागदावरून उचलायची नाही. रोज चार रेघी वहीत एक पान.

रेणू सगळ्यात हुशार, पण तिचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. त्या दिवशी ओट्यावर ती माझ्यासमोर बसून लिहीत होती, रडत होती, खोडत होती आणि पुन्हा रडत होती. वही तिच्याकडं तोंड करून, म्हणजे माझ्या बाजूनं उलटी. मी नुसता बघत होतो. त्या ओळीतले वेटोळे, फेरे, शेपट्या. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, हात न उचलता. मला वाटलं, अरे, हे तर मी आयुष्यभर करतोय.

मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि माझ्या बाजूनंच, उलट्या वहीवर, ओळ काढली. बाईंचा नमुना बघत बघत, माझ्या डाव्या हाताकडून सुरू करून उजवीकडं. सर्रकन गेली. रेणूनं वही स्वतःकडं ओढली आणि तिचं रडणं थांबलं. बाईंच्या नमुन्याशेजारी माझी ओळ ठेवली तर कुठली कुणाची ते सांगता येईना.

मग मी वही सरळ धरून तशीच ओळ काढायला गेलो, तर जमेना. हात अडखळायचा. पुष्कळ दिवसांनी त्याचं कारण माझ्या ध्यानात आलं. माझा हात पन्नास वर्षं एकाच बाजूनं फिरलेला, घड्याळाचे काटे फिरतात त्या बाजूनं. इंग्रजी अक्षरं फिरतात त्याच्या विरुद्ध. पण वही उलटी केली आणि ओळीच्या शेवटाकडून सुरुवात केली की तीच अक्षरं माझ्या बाजूनं फिरायला लागतात. म्हणजे मी वाक्य शेपटीकडून काढत तोंडापर्यंत जायचो. कागदावर उमटल्यावर कुणाला काय कळणार, साप कुठून आत शिरला ते.

पहिल्या पानावर बाईंनी लाल शाईनं तारा काढून दिला. रेणूनं तो मला दाखवला. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात मला मिळालेला तो पहिला तारा. तिथं मी बिघडलो.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आज मी लिहिते. मी म्हटलं, तुझी बोटं दुखत असतील. तिसऱ्या दिवशी ती खेळायला गेली. चौथ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मीच कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो, वही घ्यायला. पावसाळा संपेस्तोवर माझे एकेचाळीस तारे झाले होते. एकदा बाईंनी तारा न देता नुसती बरोबरची खूण केली तर मला जेवण गेलं नाही. गौराक्कानं विचारलं काय होतंय. मी म्हटलं, पित्त.

दर महिन्याला बाई नवं वाक्य द्यायच्या. मी विचारायचो, रेणू अर्थ सांगायची. एकदा गाईचं होतं, एकदा सूर्याचं. डिसेंबरात जे वाक्य आलं ते मला सगळ्यात आवडलं. सहा शब्द होते. मी त्याच्या अक्षरांना नावं ठेवली होती, माझ्या बाजूनं दिसायची तशी. आधी टिंब. मग लंगडा, कोपरा, जिलेबी, डोंगर. मग वाटी, डोंगर, जिलेबी. असं करत करत अगदी शेवटाला एकच सुटं अक्षर, कुणाला न जोडलेलं, ताठ उभं. त्याला मी एकटा म्हणायचो.

"हे कशाचं आहे गं?" मी विचारलं.

रेणू क्षणभर वहीकडं बघत राहिली. "फुलपाखराचं," ती म्हणाली.

मग ते वाक्य काढताना मी मनात फुलपाखरू आणायचो. हात हलका पडायचा. त्या महिन्यात एकाही पानाचा तारा चुकला नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी शाळेत पालकांची सभा झाली. पोरगा गिऱ्हाइकीत अडकलेला, म्हणून मी गेलो. संस्थेचे अध्यक्ष चौगुले बोलायला उभे राहिले. शाळेत सहा संगणक आले होते आणि ते सहाही अजून प्लास्टिकच्या टोप्या घालून बसलेले होते. अध्यक्ष म्हणाले की जग कुठं चाललंय आणि आपण पोरांना वेटोळी काढायला लावतोय. उद्या कोण हातानं लिहिणार आहे? कर्सिव्हचा तास बंद करावा आणि तो संगणकाला द्यावा. पुष्कळ माना हलल्या.

फर्नांडिस बाई मागच्या रांगेत होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या की ठीक आहे, पण बंद करायच्या आधी एकदा बघा तरी. सव्वीस जानेवारीला माझ्या वर्गातली एक मुलगी सगळ्या गावासमोर फळ्यावर लिहून दाखवेल. ते बघून ठरवा.

अध्यक्ष म्हणाले, चालेल, कोण मुलगी?

"रेणुका," बाई म्हणाल्या. "तिच्याइतकं सुंदर अक्षर माझ्या तीस वर्षांत कुणाचं नव्हतं."

सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. शेजारी बसलेल्या कासारानं माझा हात हातात घेऊन दाबला. मी तो सोडवून घेतला आणि सभा संपायच्या आधीच उठलो.

घरी येऊन मी रेणूला सांगितलं. तिला आधीच कळलं होतं. ती ओट्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं की तिला आता शाळेत जायचं नाही, गावात राहायचं नाही, तिला निपाणीला आत्याकडं पाठवावं आणि ती तिथं तंबाखूच्या वखारीत काम करेल.

मी म्हटलं, मी जातो आणि बाईंना खरं सांगतो.

"सांगितलंस तर काय होईल माहीत आहे का?" ती म्हणाली. "सगळ्या वर्गासमोर उभं करतील. मुलं मला चोर म्हणतील. मॉनिटरचा बिल्ला काढून घेतील. आज्जा, तू नको सांगूस. तू मला शिकव."

अकरा दिवस होते.

पहिले दोन दिवस मी तिला सरळ वहीत, सरळ बाजूनं शिकवायचा प्रयत्न केला. पण जे मला येत नव्हतं ते मी शिकवणार कसं? तिच्या हातून कोंबडी आणि माझ्या हातूनही कोंबडी. तिसऱ्या दिवशी मी वही उलटी केली, तिच्या मागं बसलो आणि तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवली. लंगडा, कोपरा, जिलेबी, डोंगर. पेन्सिल गेली खरी, पण मी हात काढला की तिचा हात जागच्या जागी थबकायचा. बोटांनी लिहीत होती ती. मी बोटांनी कधीच काही केलेलं नाही. जिलेबी खांद्यातून येते.

मग मी तिला तईपुढं बसवली. तई गार, चूल विझलेली. फडक्यात पातळ पीठ भरलं, तिच्या मुठीत दिलं आणि सांगितलं, पिळायचं नाही, नुसतं धरायचं, आणि खांदा हलवायचा. पहिल्या दिवशी तिनं तईवर जे काढलं त्याला गौराक्कानं खरकटं समजून पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी जिलेबी दिसायला लागली. तिसऱ्या दिवशी लंगडा चालायला लागला.

पीठ वाया जातंय म्हणून गौराक्का ओरडायला लागली तेव्हा मी चूल पेटवली. मग गरम तुपात मी काढायचो आणि गार तईवर ती. माझं तळून झालं की पाकात. अख्खं वाक्य, सहा शब्द, एकटा वेगळा. त्या आठवड्यात आमच्या घरानं ते वाक्य एकोणीस वेळा खाल्लं. पोरगा म्हणाला, आबा, जिलेबीचा आकार असा का बिघडायला लागलाय, डॉक्टरला डोळे दाखवा. सुनेनं मात्र ओळखीचं काही दिसल्यासारखं एक तुकडा उलटासुलटा करून बघितला. मी तो तिच्या हातातून घेऊन खाऊन टाकला.

तेवीस तारखेला रेणूनं फडकं ठेवलं आणि पेन्सिल घेतली. उलट्या वहीवर, माझी मूठ नसताना, टिंबापासून एकट्यापर्यंत ओळ काढली. मी वही फिरवून बघितली. माझ्यापेक्षा चांगली होती. मला आनंद झाला आणि थोडंसं वाईटही वाटलं, ते मी तिला दाखवलं नाही.

मग आम्ही पाटी भिंतीला टेकवून सराव सुरू केला. खडू, उभी पाटी, तिनं उभं राहून लिहायचं, मी लांबून बघायचं. पंचवीस तारखेला दुपारी गौराक्का दळण घेऊन आत आली. तिला ना मराठी वाचता येत ना इंग्रजी. डोक्यावरचा डबा उतरवत ती पाटीकडं बघत राहिली.

"अवो," ती म्हणाली, "वही तुम्ही लिहून झाल्यावर सरळ करून देतासा."

"मग?"

"फळा कोण सरळ करणार हाय?"

मी रेणूकडं बघितलं. रेणूनं पाटीकडं बघितलं. दहा दिवसांत आम्हा दोघा शिकलेल्या माणसांच्या डोक्यात हे आलं नव्हतं. पोरगी फळ्यावर सुरेख लिहिणार होती, पण ते वाचायला सगळ्या गावाला डोक्यावर उभं राहावं लागणार होतं.

मी चप्पल घातली आणि शाळेत गेलो. निमित्त होतंच. सव्वीस जानेवारीला आमच्याकडं घरोघरी जिलेबी लागते आणि शाळेच्या मैदानात चूल कुठं मांडायची ते बघायचं होतं. मी चुलीची जागा न बघता आधी मंडपात गेलो. फळा भिंतीतला असता तर सगळं संपलंच होतं. पण फळा लाकडी होता, तिकाटण्यावर दोन खुंट्यांवर नुसता ठेवलेला. मी तो दोन्ही हातांनी उचलून बघितला. शाळेचा शिपाई गुंडूमामा आला आणि काय करताय म्हणून विचारलं. मी म्हटलं, वजन बघतोय. तो म्हणाला, विकायचा नाही.

घरी येऊन मी रेणूला सांगितलं, फळा फिरतो. तू तुझ्या बाजूनं लिही, मग गुंडूमामाला फिरवायला सांग.

"लोक हसतील," ती म्हणाली.

"फिरवेपर्यंत हसतील."

सव्वीस तारखेला दुकान पोराच्या गळ्यात टाकून मी शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात तई मांडली. तिथून फळा समोर दिसत होता. झेंडा झाला, कवायत झाली, भाषणं झाली. अध्यक्ष फार वेळ बोलले, संगणकावरही बोलले. शेवटी बाईंनी रेणूचं नाव पुकारलं. दोन वेण्या, लाल रिबिनी, हातात खडू. माझ्या हातातलं फडकं चालूच होतं, पण मी तईकडं बघत नव्हतो.

पहिल्यांदा ती फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात गेली आणि सरळ लिहायला लागली. मला वाटलं, घाबरली. दोन अक्षरं काढली असतील, कोंबडीची. थांबली. डस्टर घेऊन पुसून टाकली. अध्यक्षांनी शेजारच्या पाहुण्यांच्या कानात काही सांगितलं आणि दोघं हसले. फर्नांडिस बाई व्यासपीठाच्या कडेला हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला त्यांच्या केसांइतका पांढरा दिसला.

मग रेणूनं खांदा सैल सोडला. तो मी ओळखला, तो माझा खांदा होता. तिनं टिंब दिलं. लंगडा, कोपरा, जिलेबी, डोंगर. खडू फळ्यावरून असा गेला की मागच्या रांगेतही बोलणं थांबलं. पण जे उमटत होतं ते कुणाला वाचता येत नव्हतं. कुणी म्हणालं उर्दू आहे. कुणी म्हणालं कन्नड. अध्यक्ष पुढं वाकून बघायला लागले. पोरांत खसखस पिकली. रेणूनं मागं वळून बघितलं नाही. एकटा काढला, खडू खाली ठेवला आणि हात झटकले.

"गुंडूमामा," ती म्हणाली, "फळा फिरवा."

गुंडूमामा बाईंकडं बघायला लागला. बाई फळ्याकडं बघत होत्या. बघता बघता त्यांची मान एका बाजूला कलली, आणखी कलली. मग त्यांनी गुंडूमामाला हातानं खूण केली.

त्यानं फळा उचलला आणि मागची बाजू पुढं करून ठेवला. कोरी. आता मात्र सगळं मैदान हसलं. रेणू म्हणाली, तसा नाही मामा. त्यानं पुन्हा फिरवला, पहिल्यासारखा. पुन्हा हशा. मग रेणूनं दोन्ही हातांनी हवेत त्याला दाखवलं, असा, वरचं खाली. गुंडूमामानं फळा छातीशी धरला, स्वतः त्याच्याबरोबर कमरेतून वाकला, आणि एकदाचा खुंट्यांवर टेकवला.

हसणं थांबलं. फळ्यावर ओळ होती. छापल्यासारखी म्हणणार नाही, छापलेलं इतकं जिवंत नसतं. पाहुणे आधी टाळ्या वाजवायला लागले, मग पालक, मग पोरं. अध्यक्ष उठून फळ्याजवळ गेले, ओळ वाचली, आणि का कुणास ठाऊक, त्यांनी आपल्या सदऱ्याची बटणं नीट केली. मग जाहीर करून टाकलं की तास चालू राहील. जी पोरगी उलटं इतकं सुंदर लिहिते ती सुलटं काय लिहीत असेल, असंही म्हणाले. ते कुणी विचारलं नाही हे देवाचे उपकार.

माझ्याकडं जळका वास आला. तईतला सगळा घाणा कोळसा झाला होता. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

कार्यक्रम संपल्यावर पोरांची रांग लागली. रांग ओसरल्यावर फर्नांडिस बाई आल्या. रेणू माझ्या शेजारी स्टुलावर बसून जिलेबी खात होती. बाईंनी जिलेबी घेतली नाही. मी नवा घाणा टाकत होतो आणि त्या माझ्या हाताकडं बघत राहिल्या. चार जिलेब्या झाल्या, पाच झाल्या.

"तुमचा हात घड्याळाच्या काट्यांच्या बाजूनंच फिरतो," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, व्हय, वडिलांपासनं.

त्यांनी सांगितलं ते असं. सप्टेंबरातच त्यांना कळलं होतं की वही दुसरं कुणी लिहितंय. मुंग्या होत्याच. शिवाय मुलांचा तळहात वहीच्या खालच्या बाजूला टेकतो आणि या वहीत तुपाचा डाग कायम वरच्या कडेला. हे कोडं त्यांना सुटत नव्हतं, ते आज फळा फिरला तेव्हा सुटलं. रेणूला मुद्दामच निवडलं होतं. दोन दिवसांत रडत येईल, कबूल करेल, मग समजावू आणि दुसऱ्या मुलीला उभं करू, असा त्यांचा बेत. पण दोन दिवस झाले, पाच झाले, दहा झाले. कुणी आलं नाही.

"मग मलाच ताप आला," बाई म्हणाल्या. "काल रजेचा अर्ज लिहून ठेवला होता."

रेणू खाली मान घालून जिलेबी चावत होती. मी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि उभा राहिलो. म्हटलं, बाई, चूक माझी आहे, पोरीची नाही. ताऱ्याची हाव मला सुटली. आज फळ्यावर लिहिलं ते मात्र तिचं तिनं लिहिलं, त्यात माझा हात नाही. तिला चोर म्हणू नका.

बाई म्हणाल्या, "आज लिहिलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तिचा बिल्ला तिच्याकडंच राहील."

मला इतकं हलकं वाटलं की मी बोलून गेलो. म्हटलं, "तुमचं ते फुलपाखराचं वाक्य फार चांगलं होतं बाई. काढायला मजा आली."

"कुठलं फुलपाखरू?"

रेणूचं चावणं थांबलं.

मी फळ्याकडं बोट दाखवलं. बाईंनी फळ्याकडं बघितलं, मग रेणूकडं, मग माझ्याकडं. मग त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवल्यासारखं करत मला मराठीत वाचून दाखवलं. "मी नेहमी माझं काम स्वतःच करते."

डिसेंबरपासून मी ते किती पानं लिहिलं होतं त्याचा हिशोब मनात करायला गेलो आणि सोडून दिला. एकोणीस वेळा तर खाल्लंच होतं. रेणूनं उरलेली जिलेबी अख्खी तोंडात कोंबली, म्हणजे तिला काही विचारता येऊ नये.

"आणि तो शेवटचा, एकटा उभा?" मी विचारलं.

"तोच 'मी'," बाई म्हणाल्या. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसल्या नाहीत. "इराप्पा, चूक केली की शाळेत शिक्षा असते. उद्या सकाळी साडेदहाला चौथीच्या वर्गात या. मागच्या बाकावर बसायचं. हेच वाक्य पन्नास वेळा. वही सरळ धरून, तोंडाकडून."

गौराक्काला मी सांगितलं की शाळेत चुलीचं सामान राहिलंय. स्वच्छ धोतर नेसलो, डोक्याला तेल लावलं आणि दहालाच जाऊन बसलो. मला शाळेत कधी शिक्षा झालेली नव्हती, कारण शाळाच झालेली नव्हती. बाक छोटा, गुडघे हनुवटीला लागत होते. पोरं मागं वळून वळून बघत होती. बाईंनी मला नवी चार रेघी वही दिली आणि फळ्यावर गणित मांडायला लागल्या.

मी वही सरळ धरली. एकट्यापासून सुरुवात केली. हात अडखळला, पेन्सिल कागदात रुतली, डोंगराच्या जागी दगड पडले. दहा ओळी झाल्या तोवर मला घाम फुटला. कोंबडी, नुसती कोंबडी. अजून चाळीस ओळी बाकी. तारा तर सोडाच, बाई हे पान बघून काय म्हणतील?

रेणू माझ्या पुढच्याच बाकावर होती. तिनं हळूच मागं वळून माझं पान बघितलं. बराच वेळ बघितलं. मग फळ्याकडं नजर ठेवून, ओठ न हलवता ती म्हणाली, "आज्जा, दे इकडं. मी लिहून देते."

बाईंची पाठ होती. मी वही पुढं सरकवली.